खरवड मोडेपर्यंत

“तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत का नाही?”

हा प्रश्न माझा नाही, मित्रांनो. मी एक जुनी तांब्याची कढई आहे आणि कढया पाहुण्यांना असलं काही विचारत नाहीत. प्रश्न विचारला निवेसने. निवेस म्हणजे डोंगरातल्या ज्या विश्रामघरात माझं आयुष्य गेलं, त्याच्या मालकांची सोळा वर्षांची मुलगी. आणि तिनेही तो आपणहून विचारला नव्हता. मारिका आणि एवेलिन या तिच्या मैत्रिणी सुट्टीत हाताखाली काम करायला वर आल्या होत्या. त्यांनी तिला दाराआड गाठलं आणि म्हटलं, “हिंमत असेल तर विचारून दाखव. विचारलंस तर आजची भांडी आम्ही घासू. नाही विचारलंस तर सगळी तुझी!”

ऑगस्टच्या मध्यावरचा सण होता. अंगणातली सगळी टेबलं भरली होती. निवेस पाण्याची सुरई घेऊन ज्या टेबलापाशी गेली, तिथे एक नवराबायको बसले होते. प्रश्न ऐकून नवऱ्याच्या हातातला पावाचा तुकडा हातातच राहिला. बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. मग दोघांनी एकदम वर भिंतीकडे पाहिलं, म्हणजे माझ्याकडे. मी तिथे खिळ्याला टांगलेली होते.

कारण त्या प्रश्नाचं उत्तर मीच होते! ते कसं, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल. घाबरू नका, थोडंच जाते. मला लांबण लावायची सवय नाही. माझ्यात जे शिजतं ते चुलीवरून उतरवल्याबरोबर वाढावं लागतं.

माझा जन्म खाली दरीत, ओरेस्ते नावाच्या तांबटाकडे झाला. आधी ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या भल्या मोठ्या घणाने मला चेपलं, मग ओरेस्तेने हातोडीने घडवलं. त्याचे ठोके माझ्या अंगावर अजून दिसतात, माशाच्या खवल्यांसारखे. तळ गोल, पोट मोठं, वर बादलीला असते तशी लोखंडी कडी. मला आतून कल्हई नाही. पोलेंटा, म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं अन्न, त्याच्या कढईला ती करतच नाहीत. म्हणून माझे नखरे फार. माझ्यात आंबट शिजवायचं नाही, शिजलेलं काढून ठेवल्याशिवाय झोपायचं नाही, घासायचं ते मीठ, व्हिनेगर आणि मूठभर मक्याच्या पिठानेच, आणि लगेच फडक्याने कोरडं करायचं. नाही केलं की मी हिरवी पडते आणि पुढचं अन्न कळकतं. एवढे नखरे असून मला कोणी टाकलं नाही, कारण माझ्यासारखा पोलेंटा कोणाला जमत नव्हता. हे मी फुशारकीने सांगते आहे, असं वाटलं तर वाटू दे!

मला विकत घेतलं निवेसच्या आजोबांनी, बत्तिस्तांनी. मला पाठीवर उपडी बांधून ते डोंगर चढले. वाटेत एका गुराख्याने विचारलं, “काय रे बत्तिस्ता, कासव झालास की काय?” तेव्हापासून काही वर्षं त्यांना कासवच म्हणायचे.

पोलेंटा करणं दिसायला सोपं आहे. पाणी उकळलं की मीठ टाकायचं. मग एका हाताने मक्याचं भरड पीठ भुरभुरत सोडायचं आणि दुसऱ्या हाताने लांब लाकडी दांड्याने ढवळायचं. पाऊण तास थांबायचं नाही. आणि ढवळायचं नेहमी उजवीकडे. उलटं ढवळलं तर पोलेंटा रुसतो, अशी आमच्या दरीत समजूत आहे. बत्तिस्ता तिला कायदा म्हणायचे. त्यांचा दुसरा कायदा असा, की ज्याला फार भूक लागली आहे त्याने दांडा धरायचा. पोलिसाने धरला. धर्मगुरूंनी झगा वर खोचून धरला. एका दंतवैद्याने धरला, आणि दुसऱ्या दिवशी खाली जाऊन त्याला कोणाचा दात उपटता येईना, असं नंतर तोच सांगत आला.

पोलेंटा झाला की मला दोघांनी धरून लाकडी पाटावर उपडी करायचं. पिवळाधमक, वाफाळता डोंगर पाटावर बसायचा. त्याचे काप सुरीने करत नाहीत, ताणलेल्या दोऱ्याने करतात. सोबत कधी रानातल्या अळंब्या, कधी सॉसेज, कधी वर वितळणारं गाईचं चीज, आणि सणाला ससा. लोक तोंड भरून स्तुती करायचे, पण पोलेंटाची आणि सशाची. माझं नाव कोणी घेत नसे.

पण पाट निघून गेल्यावर माझ्या तळाशी एक गोष्ट उरायची, ती माझी स्वतःची. खरवड. पातळ, तांबूस, कडेला जरा करपलेली. मी थोडी निवले की ती पापडासारखी आपोआप सुटून यायची. ती कुठल्या यादीत नव्हती आणि तिला किंमतही नव्हती. बत्तिस्ता ती ज्याला द्यावीशी वाटेल त्याला द्यायचे.

आता ते नवराबायको. नवऱ्याचं नाव इवानो, बायकोचं लोरेदाना. तो टायरच्या दुकानात कामाला, ती बालवाडीत शिकवणारी, दोघं ब्रेशा शहरातले. पहिल्यांदा आले तेव्हा लग्नाला आठवडा झाला होता आणि दोघं भांडतच दारातून आत आले.

“सुरी तू घेणार होतास.”

“मी पाणी घेणार होतो. सुरी तुझ्याकडे होती.”

“म्हणजे सलामी आता दातांनी तोडायची का?”

“तुझे दात चालतील. सकाळपासून चालूच आहेत.”

बत्तिस्तांनी लोरेदानाच्या हातात दांडा दिला. ती इतकी चिडलेली होती, की तिने माझ्यात डावीकडे गरागरा ढवळायला सुरुवात केली.

“अगं पोरी, उजवीकडे! उजवीकडे!” बत्तिस्ता ओरडले. “माझ्या पोलेंटाने तुझं काय घोडं मारलंय?”

इवानो हसला. मग तीही हसली. जेवण झाल्यावर बत्तिस्तांनी खरवड मोडून दोघांच्या हातात अर्धी अर्धी दिली. “डोंगर चढताना भांडायचं नाही, पोरांनो. चढायला आणि भांडायला एकदम दम पुरत नाही. जे काय मोठं बोलायचं असेल, ते खरवडीपर्यंत ठेवा.”

त्या दोघांनी हे शब्द जसेच्या तसे उचलले. दर ऑगस्टला ते यायचे. चढताना गप्प, जेवताना गप्प, आणि आत चुलीपाशी येऊन खरवड मोडली की बोलायचे. वर्षभरात घरी जे बोलायला जीभ रेटली नाही, ते इथे. एका वर्षी लोरेदाना म्हणाली, “आपल्याला बाळ होणार आहे,” तेव्हा इवानोने हातातली खरवड परत माझ्यात टाकली. एका वर्षी इवानो म्हणाला, “दुकान बंद होतंय,” तेव्हा लोरेदानाने आपला अर्धा वाटाही त्यालाच दिला. मी चुलीवर बसून सगळं ऐकलंय. कढईसमोर लोक मोकळेपणाने बोलतात, हा आमचा फायदा.

मग बत्तिस्ता गेले. दांडा त्यांच्या मुलीच्या हाती आला. मिरेल्ला, म्हणजे निवेसची आई. तिने तो खूप वर्षं चालवला. मग तिचा उजवा खांदा दुखायला लागला. आधी ती लेप लावून ढवळायची, मग दात आवळून, मग एका रविवारी तिला केस विंचरायलाही हात वर नेता येईना. डॉक्टरांनी ढवळणं बंद म्हणून सांगितलं. निवेसचे बाबा दारियो मांस शिजवतात, लाकडं फोडतात, दरीतून सामान वर आणतात, त्यांना आणखी एक काम जमणारं नव्हतं.

“ढवळणार कोण?” ते म्हणाले.

म्हणून ह्या उन्हाळ्यात यंत्र आलं. पोलादी भांडं, वर मोटर, आत गोल फिरणारं पातं. बटण दाबायचं आणि दुसऱ्या कामाला लागायचं. त्याचा पोलेंटा चांगला होतो. खोटं कशाला बोलू? गुठळी नाही, करपणं नाही. पात्याला रबरी कड आहे, ती तळ पुसून घेते. यंत्रावर माझा राग नाही. मिरेल्लाला मी खांदा धरून बसलेलं पाहिलं आहे.

माझा राग होता तो जिरॅनियमवर. मला अंगणातल्या भिंतीवर टांगलं आणि ठरलं, की कढईत लाल फुलं लावायची. छान दिसतील! पण कुंडीला तळाशी भोकं लागतात. दारियोंनी माझ्या तळावर खडूने तीन फुल्या मारल्या आणि भोकं पाडायचं यंत्र खालच्या बाकावर आणून ठेवलं. “सणाची जेवणं उरकली की पाडतो,” ते म्हणाले. भोक डाग देऊन बुजवता येतं म्हणतात. पण एकदा फुलं लावलेली कढई पुन्हा चुलीवर कोण चढवणार?

खिळ्यावर लटकण्यात एक सोय मात्र होती. स्वयंपाकघरात मला वाट कधीच दिसली नव्हती. आता सगळी नागमोडी वाट दिसायची, खालच्या गोठ्यापासून तळ्यापर्यंत. सणाच्या सकाळी लोरेदाना पुढे आणि इवानो मागे असे येताना दिसले. प्रत्येक वळणावर तिने थांबून समोरच्या एकाच सुळक्याचा फोटो काढला. प्रत्येक वळणावर त्याने वाकून बुटाची नाडी बांधली. मला गंमत वाटली. किती सुटावी एखाद्याची नाडी?

हे मुलींनीही पाहिलं.

“ती पुढे, तो मागे,” मारिका म्हणाली. “टेबलावर आल्यापासून एक शब्द नाही. घटस्फोट होणार, लिहून घे.”

“सशावर दोघांचा काटा एकदम पडला, तरी बोलले नाहीत,” एवेलिन म्हणाली. “निवेस, विचार ना!”

मागच्या वर्षीची निवेस असती तर पळाली असती. ती टेबलाच्या कोपऱ्यावर ताटली ठेवून पसार व्हायची, पाहुण्यांना वाटायचं मांजर येऊन गेलं. पण ह्या उन्हाळ्यात तिला आवाज फुटला होता. अंगणाच्या ह्या टोकाला उभी राहून ती ओरडायची, “तीन नंबरला कासोन्चेल्ली, लोणी जास्त!” आणि वर खडकांतले मारमोत, खारीच्या जातीचे ते गुबगुबीत प्राणी, शिट्ट्या मारायचे.

तर तिने विचारलं. आणि आपण पुन्हा तिथेच आलो.

“आम्ही बोलतो की,” इवानो म्हणाला. “पण खरवड आल्यावर.” आणि त्याने तिला तिच्या आजोबांचं सगळं सांगितलं, भांडण, सुरी, डावीकडचं ढवळणं. निवेस सुरई छातीशी धरून ऐकत राहिली. दाराआड मारिका आणि एवेलिन मान लांब करून उभ्या होत्या.

“मग आज?” निवेसने विचारलं.

“आज वाट बघतोय,” लोरेदाना म्हणाली. “ही इथे टांगलेली दिसते, म्हणजे चुलीवर दुसरी असेल ना? आईला सांग, घाई नाही.”

निवेसचा चेहरा उतरला. “सिन्योरा, आता यंत्र आलंय. यंत्राला खरवड येत नाही.”

“हो का?” लोरेदाना म्हणाली. तिने रुमालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. इवानो आपल्या बुटांकडे बघत होता. दोघांकडेही काहीतरी साठलेलं होतं, हे मला भिंतीवरून दिसत होतं. “मग दोन कॉफी आण, बाळ. पोलेंटा छान होता हं.”

निवेस कॉफी आणायला गेली नाही. तिने बाकावर पाय ठेवला, वर चढली आणि मला खिळ्यावरून काढलं.

“अगं ए!” दारियो ताटल्यांची चळत घेऊन येत होते. “ती फुलांची आहे!”

“फुलं कुठे आलीयेत अजून, बाबा?”

तिने मला मीठ आणि व्हिनेगर चोळलं. इतक्या दिवसांनी माझं अंग चुरचुरलं, आणि मी आतून लालभडक झाले. चूल पेटली. पहिल्या जाळातच खडूच्या फुल्या काजळीत गडप झाल्या.

“निवेस, पाऊण तास ढवळावं लागतं,” मिरेल्ला म्हणाली. “आणि तू दांडा कधी हातात तरी धरलायस का?”

“लहानपणापासून बघत आलेय.”

“बघून खांदा दुखत नाही.”

“मारिका, तू पीठ सोड,” निवेस म्हणाली. “भुरभुर सोड. ओतू नकोस!”

“घटस्फोट आहे की नाही ते सांग आधी.”

“पीठ सोड!”

निवेसने दांडा दोन्ही हातांनी धरला आणि जोरात ढवळायला सुरुवात केली. डावीकडे.

“उजवीकडे!” मिरेल्ला ओरडली. खिडकीबाहेरून लोरेदानाही त्याच क्षणी ओरडली, “उजवीकडे!” आणि मग तिला खिडकीबाहेर राहवेना, ती आतच आली.

निवेस थोड्याच वेळात घामाघूम झाली. दात आवळले, दंड थरथरायला लागले, पण दांडा सोडेना. शेवटी मिरेल्ला म्हणाली, “अगं, आजोबांचा कायदा काय होता?” तेव्हा लोरेदानाने एक फेरी घेतली, मग इवानोने घेतली, मग चार नंबरच्या टेबलावरचे एक जाडजूड गृहस्थ आत आले आणि म्हणाले, “मला इथे कोणी ओळखत नाही, मला भूक लागली आहे, द्या इकडे.” पण मधल्या प्रत्येक वेळी दांडा निवेसकडेच परत आला.

मला पाटावर उपडं केलं तेव्हा सगळे पाटाभोवती जमले. मिरेल्ला एकटी माझ्याजवळ उभी राहिली. तिने मला पुन्हा निखाऱ्यावर धरायला लावलं, तळाला कान लावल्यासारखी वाकली आणि म्हणाली, “अजून थोडी... हं. आता उतरव.” मी थोडी निवले आणि खरवड सुटली. निवेसने ती मोडली आणि मोठा तुकडा नवराबायकोच्या हातात दिला. तिथेच चुलीसमोर दोघांनी तो अर्धा अर्धा केला.

इवानो आधी बोलला. “लोरे, माझी नाडी सुटत नाही.”

“माहीत आहे.”

“गुडघा दुखतो. मागच्या वर्षीपासून. मला हे चढवत नाही आता.”

“माहीत आहे मला. त्या सुळक्याचे फोटो मी कशाला काढत बसते, असं वाटतं तुला?”

“मला वाटलं तुला तो आवडतो.”

“अजिबात नाही! किडक्या दातासारखा दिसतो. घरी त्याचे ढीगभर फोटो पडलेत.” ती खरवड चावत राहिली. “मला वाटायचं, मी सांगितलं तर तू हट्टाने धावत चढशील. आणि नाही सांगितलं, तर तू मनातल्या मनात पुढच्या वर्षी यायचंच नाही असं ठरवून टाकशील.”

“ठरवलंच होतं,” इवानो म्हणाला.

“ते मोड आता. पुढच्या वर्षी आदल्या दिवशी खालच्या गोठ्यावर गुराख्यांकडे राहू. सकाळी सावकाश निघू. बोलत येऊ.”

“बोलत? दम पुरेल?”

“हळू चाललं की पुरतो.”

इवानोने आपल्या वाट्याची खरवड संपवली. मग म्हणाला, “सुरी मी घेईन.”

“काय हे! घटस्फोट नाहीच,” एवेलिन मारिकाच्या कानात म्हणाली. “आणि भांडी आपल्याकडे.” दोघी साबण आणि तारेची घासणी घेऊन माझ्याकडे आल्या. निवेसने घासणी हिसकावली. “हिला नाही! हिला मीठ, व्हिनेगर, पीठ. आणि पुसून कोरडी. ओली ठेवलीत तर पुढचं कळकलेलं तुम्हालाच खायला घालीन.”

मित्रांनो, तुमच्या घरीही माळ्यावर माझ्यासारखं कोणी असेल. त्याच्यात फुलं लावायच्या आधी एकदा त्याच्या तळाशी काय उरायचं, ते घरात विचारा. मग वापरा आणि कोरडं पुसून ठेवा. आम्हाला यापेक्षा जास्त काही लागत नाही. शोभेच्या भांड्याला सगळे छान म्हणतात, पण ते कोणाच्या पोटात जात नाही.

पण माझं अजून संपलं नव्हतं. जेवणं उरकली, पाहुणे उतरायला लागले, इवानो आणि लोरेदाना पहिल्या वळणावर एका दगडावर सरळ बसून गप्पा मारताना दिसले. आणि दारियोंनी बाकावरचं भोकं पाडायचं यंत्र उचललं.

“चला, मजा झाली,” ते म्हणाले. “आण ती इकडे. उजेड आहे तोवर भोकं पाडून टाकतो.”

निवेस माझी कडी धरून उभी होती. तिने दुसऱ्या हाताने एप्रनच्या खिशातून खरवडीचा उरलेला तुकडा काढला. तो मोडून अर्धा आईला दिला, अर्धा बाबांपुढे धरला. तो घ्यायला दारियोंना हातातलं यंत्र खाली ठेवावं लागलं. मिरेल्लाने तुकड्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. खरवड हातात आली म्हणजे कोणीतरी काहीतरी मोठं बोलणार, हे तिला तिच्या बाबांपासून ठाऊक होतं.

“बोल,” ती म्हणाली.

“कढईला भोक पडणार नाही. रोज ढवळायचं यंत्र चालू दे, आईच्या खांद्याला ते हवंच आहे. पण रविवारी चूल पेटणार आणि ही चढणार.”

“आणि ढवळणार कोण?” दारियोंनी विचारलं.

“मी. शाळा सुरू झाली की शनिवारी दुपारी वर येईन, रविवारी संध्याकाळी खाली जाईन. रविवारी तिच्याबरोबर खाली हिंडणार नाही म्हणून मारिका रुसेल, रुसू दे, तिला पीठ सोडायला लावीन. आणि फुलं तुमच्या त्या जुन्या बुटांत लावू, बाबा. त्यांना भोकं आयतीच आहेत.”